चांगल्या गुडघ्यावरची पट्टी

भगा, तुझ्या फोटोला हार घालायला लोकांनी मलाच पुढं ढकललं. "मास्तर, तुमी जवळचं." मी हार घातला आणि हात मागं घेताना मनात आलं, ह्या फोटोवर एक ठोसा हाणावा. काच फुटावी, हात रक्तबंबाळ व्हावा, तरच जिवाला बरं वाटेल. समोर शालन बसली होती म्हणून नाही हाणला. माझी बहीण, तुझी बायको. तिच्या कपाळाकडं बघवत नव्हतं. लॉकडाऊनमुळं माणसं मोजकीच होती, तरी शेजारच्या गावचा एक जण उठलाच बोलायला. म्हणाला, भगवान पैलवान म्हणजे पोलादी देह, उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढला नाही. मी दातओठ खाल्ले. उठून त्याचं नरडं धरावं असं वाटलं.

कारण ती पायरी तू चढला होतास. तुझ्या बगलेत हात घालून मीच चढवली होती. तालमीतला हौदा उकरताना तू खोऱ्यासकट मातीत बसलास, तोंड पांढरंफटक, घामानं बंडी चिंब. जीप काढून मी तुला मिरजेला नेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, दोन स्प्रिंगा टाकाव्या लागतील, रक्तदाब आहे, आणि साखर तर इतकी आहे की हा माणूस चालत कसा होता. दुसरा कुणी असता तर बायकापोरांची नावं घेतली असती. तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस?

"हणम्या, गावात कुणाला कळंल का रं?"

तालमीच्या मारुतीची शपथ घातलीस मला. गावाला सांगितलंस, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डाव्या गुडघ्याला हे जाड बँडेज गुंडाळून लंगडत एसटीतनं उतरलास. शालन बिचारी रोज पायाचं सूप करून घालायची. हप्त्यानं बघतो तर लंगडताना पाय बदललेला! मी कानात सांगितलं, "मुडद्या, डावा, डावा!" तू तिथंच चावडीसमोर थांबून पाय बदललास आणि आपण दोघं तोंड दाबून हसलो. अजून आठवलं की हसू येतं, आणि लगेच भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

ज्याला हे माहीत नाही त्याला वाटेल, एवढं लपवायचं काय होतं? साखर काय तुला एकट्याला झाली होती? पण आपण एका मातीतले, मला माहीत होतं. वडूजकडच्या जत्रेतली ती कुस्ती. तुझा डावा गुडघा सुजून टम्म झालेला, आणि समोर कोल्हापूरकडचा तो रेड्यासारखा गडी. लोक म्हणाले सोडून दे. तू फेट्याचं फडकं फाडलंस आणि घट्ट पट्टी बांधलीस, पण उजव्या गुडघ्याला. चांगल्या. त्यो गडी सारखा उजव्या पायात घुसत राहिला. वीस वेळा पट काढायला गेला आणि वीस वेळा तू त्याची मान मातीत रगडलीस. नाकातनं रक्त काढलंस त्याच्या. शेवटी ढाक लावून असा आपटलास की मला बाहेर त्याची बरगडी वाजलेली ऐकू आली. त्या दिवसापासून आपल्या तालमीत ही चालच पडली. दुखतं तिथं पट्टी बांधायची नाही, जिथं दुखत नाही तिथं बांधायची. पोरंसोरं शिकली, तुझा लेक प्रतापही शिकला.

"माणूस दुखतंय तिथंच मारतो," असं म्हणायचास. "दाखवायचंच न्हाई."

"अरे पण डॉक्टर काय लंगोट लावून हुबा हाय व्हय तुझ्यासमोर?"

"ज्याच्यापुढं उघड्या अंगानं उताणं पडावं लागतं, त्यो समोरचाच गडी."

ह्यावर किती भांडलो आपण! तालमीच्या ओट्यावर, उसाच्या बांधावर, शालनच्या चुलीपुढं, आणि ती आली की विषय बदलून. मी शाळेतला पी.टी.चा मास्तर, मला वाटायचं मी समजावून सांगू शकतो. एकदा तर तुझ्या हातातली जिलबीची पुडी हिसकावून गटारात फेकली. तू मला उचललंस, खरंच उचललंस, एवढ्या वयात, स्प्रिंगा घातलेल्या छातीनं, आणि उसाच्या सरीत टाकलंस. वर म्हणतोस, "साखर घामातनं जाती. मातीत उतरलो की गेली." पैलवानकी सुटून जमाना झाला होता, पण खुराक सुटला नव्हता. दूध, तूप, बदाम, वर जिलबी. गोळ्या घ्यायचास, एवढं खरं. सांधेदुखीच्या गोळ्यांच्या बाटलीत साखरेच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या भरून ठेवल्या होत्यास. शालनला माहीत, ह्या गुडघ्याच्या.

पण तू माझ्यासाठी काय केलंस तेही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील मास्तर नुसता शिव्या घालतोय. मेढ्याच्या बाजूला माझी कुस्ती लागली होती. समोरच्यानं पंचांची पाठ बघून माझ्या डोळ्यात अंगठा खुपसला. मला नुसता लाल अंधार दिसत होता, आणि त्या अंधारात तुझी आरोळी ऐकू आली. मग हाडावर हाड. तू मैदानात उडी घेतली होतीस. तीन माणसं तुला धरत होती तरी तू त्याला बुकलत होतास. पंचांनी तुला वर्षभर त्या मैदानात यायची बंदी घातली. मला खांद्यावर टाकून तू गाडीपर्यंत नेलंस आणि वाटभर रडत होतास, "हणम्या, दिसतंय का रं? सांग की, दिसतंय का?" माझा डोळा वाचला. त्या डोळ्यानं मी तुझा फोटो बघतोय. मैतर असावा तर तुझ्यासारखा, हे मी कुणापुढंही सांगेन.

मग हा रोग आला. दुसऱ्या लाटेत गावात रोज एक चिता पेटत होती. आधी मी आडवा झालो, माडीवर कोंडून घेतलं. मग तुझ्या घरात. प्रताप आणि शालन ताप येऊन उठले, तुला मात्र धाप लागली. पोरांनी तुला कराडच्या अलीकडच्या त्या मंगल कार्यालयात नेलं, जिथं प्रतापचं लग्न लावलं होतं. आता तिथं कोविड सेंटर होतं. 'वरपक्ष' पाटी लावलेल्या खोलीत पुरुषांच्या खाटा, 'वधूपक्ष'मध्ये बायका, आणि जेवणाच्या हॉलमध्ये ऑक्सिजनच्या टाक्या. अख्ख्या सेंटरला एक डॉक्टरीण, पंचविशीतली पोरगी. तिनं तुला दारातच विचारलं, शुगर आहे का, बीपी आहे का, हृदयाचं काही? ती प्रत्येकाला तेच विचारत होती आणि मागं रांग लागली होती.

तू म्हणालास, "कायबी न्हाई. पैलवान हाय म्या. गुडघा त्येवढा दुखतोय."

तिनं तुझ्या कागदावर गुडघा लिहिला, भगा!

शालननं पिशवीत चादर दिली, तांब्या दिला, अंडी उकडून दिली. गोळ्यांची बाटली ठेवली नाही. झोपून राहणाऱ्या माणसाला गुडघ्याच्या गोळ्या कशाला, असं तिला वाटलं. त्यात तिचं काय चुकलं? आणि तू मागितली नाहीस, कारण मागितली असतीस तर कुणीतरी बाटली उघडून बघितली असती.

माझं कोंडून घेणं संपलं त्या दिवशी मी तुला फोन लावला. तू खुशीत होतास. दम लागत होता तरी बढाया चालू. "सुया मारत्यात गड्या, पर खुराक झ्याक हाय. सकाळी शिरा, दुपारच्याला अंडी."

"साखर सांगितलीस का?"

तू परत अंड्यांवरच आलास.

"भगा, साखर सांगितलीस का? स्प्रिंगा सांगितल्यास का?"

"गुडघा सांगितलाय," म्हणालास.

माझ्या अंगात अजून ताकद आली नव्हती, तरी कशी मोटारसायकल काढली ते मला ठाऊक नाही. फाटकावरचा वॉचमन आडवा आला. त्याला मी दोन्ही हातांनी ढकलला, तो कुंडीवर जाऊन पडला. मी आवारात उभा राहून बोंब ठोकली, डॉक्टर बाहेर या, डॉक्टर बाहेर या. ती आली, नखशिखान्त प्लास्टिकमध्ये, चष्म्यावर वाफ. मी सगळं सांगितलं. तुझी शपथ मोडली, मारुतीचीही मोडली आणि मला त्याची काडीची लाज नाही. उलट मारुतीनं मला विचारलं तर मी त्यालाच विचारीन, तू तिथं बसून काय करत होतास?

पोरगी धावत आत गेली. तुझ्या बोटाला सुई टोचली, तर साखर इतकी की मशीन आकडाच दाखवेना. ती परत बाहेर आली. म्हणाली, "काका, फुप्फुसाची सूज उतरायला आम्ही स्टेरॉइड देतोय. त्यानं साखर भडकते. साखरवाल्यांचं आम्ही दिवसातनं चारदा रक्त बघतो, इन्सुलिन लावतो. ह्यांना धडधाकट समजून दिलं. स्ट्रिप पुरत नाहीत म्हणून ज्यांनी शुगर सांगितली त्यांचीच बघतोय. आणि स्प्रिंग असलेल्या माणसाची रक्त पातळ करायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नसते. ह्या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात. साखर आणि हृदयवाल्यांनाच हा जास्त झोडपतो." मग म्हणाली, "फक्त बोलायचं होतं हो त्यांनी. एक शब्द."

संध्याकाळी तुझा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"आख्ख्या जन्मात मला कुणी चित केलं न्हाई. तू केलंस, हणम्या. शेजारच्या खाटंवरची माणसंबी आता माझ्याकडं कसं बघत्यात ठावं हाय का? गद्दार!"

"शिव्या दे. पण जगून दे," म्हणालो मी.

तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी छाती आतून फुटली. इन्सुलिन चालू केलं होतं, गोळ्या चालू केल्या होत्या, पण उशीर झाला होता. त्या डॉक्टरणीनं तुझ्या एवढ्या रुंद छातीवर चढून दाबून दाबून स्वतःचे हात सुजवून घेतले. हे मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं. गद्दार हा तुझा मला शेवटचा शब्द. बाकी काही बोलायला तू ठेवलंच नाहीस.

आणि आता ऐक, तुझ्या पश्चात काय झालं. प्रताप तालमीतली पोरं घेऊन आला. दोन गाड्या भरून, हातात काठ्या, एकाच्या हातात पाण्याचा पाइप. कुणीतरी सांगितलं होतं की सुयांनी मारलं, धडधाकट माणूस चालत गेला आणि बाईनं सुया टोचून मारला. पहिला दगड 'शुभविवाह' लिहिलेल्या काचेवर बसला. आत रोगी ओरडायला लागले. वॉचमनच्या डोक्यातनं रक्त येत होतं. प्रतापनं प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि ती पोरगी भिंतीला चिकटून उभी होती, हात वर, तुझ्या छातीवर सुजलेले तेच हात. "माझ्या आबाला मारलंस," तो ओरडत होता. तोंडाला फेस आला होता त्याच्या. तुझाच अवतार, मेढ्याच्या मैदानातला.

मी आवारातच होतो, धावत मधी गेलो. त्यानं मला कोपरानं उडवला, माझा ओठ फाटला. तो तिशीतला पैलवान, मी साठीतला, आजारातनं उठलेला. त्याला थांबवणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं. मग मी त्याच्या पायांकडं बघितलं. हाफ पँट घातलेली, उजव्या गुडघ्याला पट्टी. मला कळलं, डावा दुखतोय. मी खाली बसलो, त्याच्या डाव्या पायात घुसलो, आणि जिथं दुखतं तिथंच खांद्यानं सगळा भार दिला. गुडघा कटकन वाजला. पोर किंचाळलं आणि आडवं झालं. मी त्याच्या छातीवर बसलो, सणसणीत दोन थोबाडात दिल्या आणि सगळ्या पोरांदेखत, सगळ्या रोग्यांदेखत ओरडलो, "तुझ्या बापाला साखर होती! हृदयात दोन स्प्रिंगा होत्या! त्यानं सांगितलं नाही! ह्या पोरीला त्यानं गुडघा सांगितला, गुडघा!"

पाइपवाल्या पोरानं पाइप खाली ठेवला. प्रताप माझ्याखाली पडून लहान पोरासारखा हुंदके देत होता आणि माझ्या ओठाचं रक्त त्याच्या गालावर ठिबकत होतं. डॉक्टरीण आली, खाली बसली आणि आधी त्याचा गुडघा दाबून बघायला लागली. मी तिला हात जोडले.

शालनला मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली, फडताळातली बाटली काढली, सगळ्या गोळ्या पाट्यावर ओतल्या आणि वरवंटा उचलून ठेचत सुटली. भुकटी झाली तरी ठेचतच होती. "रोज सकाळी शिरा दिला म्या त्यास्नी. गुडघ्याला ताकद यावी म्हणून तूपसाखर जास्ती घालून दिला. माझ्याच हातानं घातलं की रं दादा. मला निस्तं एकदा सांगितलं असतं, तर म्या भाकरीवर ठेवलं असतं त्यांना. म्या काय त्यांच्या दुखऱ्या जागंवर मारणार हुते?"

ह्याचं उत्तर तू दे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुला माफ केलं असतं, भगा. पण हार घातला त्या दिवशी सगळे उठून गेल्यावर प्रताप लंगडत माझ्याजवळ आला. म्हणाला, "मामा, मलाबी हाय. साखर. गेल्या साली तालमीत चक्कर आली तवा रक्त तपासलं हुतं. आबांना सांगितलं. आबा म्हणलं, कुणाला बोलू नगंस, लढायला जोडीदार मिळायचा न्हाई, पोरं हसतील."

त्या वेळी मी फोटो भिंतीवरनं काढला. खरंच काढला. तुझं तोंड भिंतीकडं करून ठेवला आणि तुला अशा शिव्या घातल्या की शालन आतनं धावत आली. स्वतः मेलास ते मेलास. त्या पोराच्या चांगल्या गुडघ्यालाही तूच पट्टी बांधून गेलास. त्याच रोगाची तिसरी लाट येणार म्हणतात, चौथी येईल, ह्या पोराला परत कुणीतरी दारात विचारील, काय होतंय, आणि हा छाती फुगवून गुडघा सांगेल. मला तू मेल्याचं दुःख आहे, पण ह्याची भीती आहे, आणि भीती जास्त आहे.

काल तालीम उघडली. लॉकडाऊनभर हौद्यातली माती दगड झाली होती. पोरांनी उकरली, ताक घातलं, तेल, हळद, लिंबू. तुझा फोटो मी परत सरळ करून मारुतीशेजारी टांगलाय, बघ म्हणलं एकदा. सगळी पोरं गोल उभी राहिली. मी म्हणालो, आजपासून मातीत उतरण्याआधी कुणाला काय दुखतंय ते मोठ्यानं सांगायचं. पोरं अंगठ्यानं माती उकरत राहिली, माना खाली. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या पैलवानांपैकी एक जण हसला, मी त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

मग प्रताप पुढं आला. खाली बसला, उजव्या गुडघ्याची पट्टी सोडली. ती पट्टी त्यानं डाव्या गुडघ्याला बांधली, सगळ्यांदेखत, आणि उभा राहून म्हणाला, "ह्यो दुखतोय. आणि मला साखर हाय." मागं एक जण खाकरला. मग दुसरा एक म्हातारा, जो मघाशी हसला होता तोच, म्हणाला, "मलाबी हाय." बाकीचे अजून गप्पच होते. असू दे, हळूहळू बोलतील.

मी मूठभर माती उचलून प्रतापच्या हातात दिली, मूठभर त्याच्या जोडीदाराच्या. हा जोडीदार म्हणजे त्या दिवशी पाइप घेऊन आलेलं पोरगं, पटात घुसण्यात वाघ. मी ओरडून सांगितलं, हलकी लढत करा, ह्याचा डावा गुडघा दुखतोय. सलामी झडली. मला धाकधूक होती, भगा, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी सेंटरमध्ये मीच दुखत होतं तिथं मारलं होतं. तुझंच खरं निघालं तर? मी त्या पोराच्या हातांकडं बघत होतो.

खूप वेळ खेळली पोरं. घामाघूम झाली, मातीनं लाल झाली. त्या पोरानं मान धरली, कंबर धरली, उजवा पाय धरला. डाव्या पायाला त्यानं एकदासुद्धा हात लावला नाही.